फरचं तेल अत्तरात टिकत नाही, वर टर्पेंटाइनसारखा वास येतोय

अत्तरवेडी: गेल्या मे महिन्यात मनालीला हिडिंबा मंदिराच्या रानात उभी होते. नुकताच पाऊस पडून गेला होता. देवदारांचा तो ओला, गार वास कुपीत धरायचा ध्यास लागलाय. दिवाळीत सायबेरियन फर या सूचिपर्णी झाडाचं ५० मिली तेल आणलं, तेव्हा वास सुरेख होता. परवा अल्कोहोलमध्ये दहा टक्के मिसळून मनगटाला लावलं. वीस मिनिटांत सगळं उडालं, मागे टर्पेंटाइनचा वास आणि लाल चट्टा. तेलात भेसळ असेल का?

रानगंध: चट्टा उठलाय ना, मग ते तेल आता अंगाला लावूच नका. बाटली अर्धी रिकामी होती का? पाइन, फर, स्प्रूस या सगळ्या तेलांत पायनीन, केरीन, लिमोनीन असली टर्पीन्स, म्हणजे चटकन उडणारी वासाची द्रव्यं, भरपूर असतात. हवा लागली की त्यांची पेरॉक्साइडं होतात, आणि त्वचेला तीच बाधतात. म्हणून तर इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमात या कुळातल्या तेलांसाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला १० मिलिमोल एवढीच आहे. साबणासाठी आणलेलं माझं पाइनचं तेल वर्षभर खिडकीत राहिलं होतं. ते वापरलं आणि आठवडाभर तळहातांची सालं निघत होती. आता मी तेल कमी झालं की लहान काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरते आणि फ्रीजमध्ये ठेवते.

उडून जाण्याचं म्हणाल, तर नुसतं फर कधीच टिकणार नाही. त्यातला रानाचा वास मुख्यतः बोर्निल ॲसिटेट या घटकाचा, आणि तोही फार वेळ थांबत नाही. खाली जड काहीतरी हवं. मी देवदाराच्या लाकडाचं तेल घालते, कागदी पट्टीवर ते दुसऱ्या दिवशीही जाणवतं. परवडलं तर फर बाल्सम ॲब्सोल्यूट, म्हणजे द्रावकाने काढलेला दाट अर्क, घ्याच. कॅनडाकडच्या बाल्सम फरचं असतं, गडद हिरवं, काकवीसारखं घट्ट. कुपी कोमट पाण्यात धरल्याशिवाय खाली उतरत नाही. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मला चक्क स्ट्रॉबेरीच्या जॅमचा वास आला, पाचगणीच्या रस्त्यावर येतो तसा, आणि त्यामागून रान.

माझं प्रमाण: फर ३ भाग, देवदार ४, बाल्सम २, लॅब्डनम (एका झुडपाची चिकट राळ) अर्धा. थेंब मोजू नका, काट्यावर वजन करा. मग महिनाभर मुरू द्या.

किनाराकर: आमच्या वाडीपुढे सुरूचं बन आहे. त्या पाल्याचं तेल निघेल का?

रानगंध: नाही हो. सुरू दिसते पाइनसारखी, पण ते सूचिपर्णी झाड नाही. त्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या. तसली राळ त्यांत नसते.

अत्तरवेडी: बाटली अर्धीच होती, तीही गॅसजवळच्या फळीवर! पण मला हवाय तो वास देवदाराच्या रानाचा. फरने येईल?

रानगंध: हुबेहूब नाही. देवदाराचं तेल लाकडातून काढतात, त्यात हिमाचलीन नावाचं वासाचं द्रव्य असतं. वास गोडसर, जरा धुरकट. तुम्ही हुंगलंत त्यात सुया, राळ, भिजलेली जमीन सगळंच होतं. सुयांपुरतं फर चालेल. जमिनीसाठी कन्नौजचं मिट्टी अत्तर घाला, पण अगदी नखभर.