मदत हवी: दगडी इमारतीवरचं मॅपिंग रात्री सरकतं

धरमपेठी
नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या दगडी इमारतीवर प्रोजेक्शन मॅपिंग आहे, म्हणजे इमारतीच्या आकाराला बेतलेलं चित्र प्रोजेक्टरने पाडायचं. सहाला कमानी-खिडक्यांवर चित्र नीट बसवतो, नऊच्या शोला चार बोटं खाली गेलेलं असतं. शिवाय चित्राच्या कडा लहरतात ते वेगळंच. रोज वॉर्प करून, म्हणजे चित्र ताणून-वाकवून परत बसवून, वैताग आलाय. शनिवारी मुख्य शो आहे, लवकर सांगा.

खटपट्या
प्रोजेक्टर किती, लेन्स कोणती, ठेवलेत कशावर?

धरमपेठी
२० हजार ल्युमेनचे दोन लेझर प्रोजेक्टर, एकावर एक. लेन्स ०.८ (अंतर चित्राच्या रुंदीच्या ०.८ पट). चित्र २४ मीटर रुंद. बाकी नेहमीसारखंच.

लाइटवाला
मी म्हणतो एलईडी वॉल लावा. सरकायची भानगडच नाही.

खटपट्या
आणि कमानी झाकून टाका! मग जुनी इमारत घेतली कशाला?
धरमपेठी, दोन्ही चित्रं एकत्र सरकतात की एकमेकांपासून सुटतात?

धरमपेठी
एकत्र.

खटपट्या
मग प्रोजेक्टर ठेवलेला टॉवरच खचतोय. अंतर साधारण १९ मीटर, चार बोटं म्हणजे ७-८ सेंटीमीटर. टॉवरचा पाया २ मीटर असेल तर पुढची बाजू ८ मिलिमीटर बसली तरी एवढा फरक पडतो. खाली काय आहे?

धरमपेठी
लॉन. फळ्या टाकल्यात.

पिक्सेलपंत
एवढं कशाला? कॅमेरा लावून ऑटो कॅलिब्रेशन करा, भिंतीवर पाडलेली ग्रिड बघून चित्र आपोआप दोन मिनिटांत बसतं.

खटपट्या
चालू शोमध्ये भिंतीवर ग्रिड दाखवणार का? पाया हलतोय तोवर कॅमेरा काय करेल?

पिक्सेलपंत
दोन शोंच्या मध्ये करायचं हो. आणि लेझर असला तरी लेन्स तापेपर्यंत चित्र हलतंच. अर्धा-पाऊण तास पांढरी फ्रेम लावून ठेवा, मगच बसवा. सहाला चालू करून सहालाच बसवत असाल तर तिथेही चूक आहे.

बुटीबोरीकर
भाऊ, काळी माती आहे ती, पाणी मुरलं की मऊ होते. लॉनला पाणी कधी देऊन राहिले ते विचारा आधी. आजपासून बंद करा. फळ्या काढा, टॉवरच्या प्रत्येक जॅकखाली (उंची कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या पायाखाली) १८ मिलिमीटर प्लायचे २ × २ फुटांचे दोन-दोन तुकडे टाका, एकमेकांना स्क्रूने आवळून. प्रोजेक्टर चढवून एक रात्र बसू द्या, सकाळी लेव्हल लावून जॅक फिरवा. शोच्या वेळी टॉवरवर कोणी चढायचं नाही. जनरेटर लांब, आणि त्यावर खाण्याचे स्टॉल जोडू नका. प्रोजेक्टर ऑनलाइन यूपीएसवर.

फोटूवाला
फोटो काढताना शटर १/६० किंवा त्याहून संथ ठेवा, नाहीतर रंगीत पट्टे येतात.

खटपट्या
विचारलं कोणी?
कडा लहरतात त्याचं सांगा. मागून काही बांधलंय का?

धरमपेठी
दव पडतं म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री आहे.

खटपट्या
हेच आधी सांगायचं ना! मागची गरम हवा कोंडून पुढून, लेन्ससमोरून निघते. बाहेर थंडी, त्यात ही गरम हवा मिसळली की किरण वाकतात आणि कडा थरथरतात. मागची बाजू पूर्ण उघडा, वर फक्त छप्पर ठेवा. दोन शोंच्या मध्ये मशीन बंद करू नका, प्रोजेक्टरचं शटर लावून फक्त उजेड अडवा. मशीन गरम राहिलं तर लेन्सवर दव धरत नाही.

महालवासी
दगड कोणता आहे? स्टेशनची १९२५ची इमारत सावनेरच्या वालुकाश्माची आहे. तसा दगड असेल तर निळा-जांभळा खेचून घेतो. कंटेंट उजळ ठेवा. परवानगी हेरिटेज समितीची घेतली ना? दगडात एक खिळासुद्धा ठोकू नका.

पिक्सेलपंत
२४ × १५ मीटरवर ४० हजार ल्युमेन म्हणजे जेमतेम १११ लक्स (चौरस मीटरला तेवढे ल्युमेन). समोरचे रस्त्याचे दिवे बंद केल्याशिवाय कंटेंट कितीही उजळवा, उपयोग नाही.

धरमपेठी
माळ्याला विचारलं, पाणी रोज दुपारी चारला देतात. ताडपत्री काढली, लहरणं थांबलं. प्लाय उद्या टाकतो.

तर्रीबाज
शनिवारी पास लागतो का?