‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’: जोआओचं कडवं कापलं आणि गाणं लिफ्टमध्ये गेलं

रेडिओवेडा

हॉटेलची लॉबी, मॉलचा सरकता जिना, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणणारा फोन. हे गाणं कुठे वाजत नाही सांगा. १९८० च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’मध्ये पोलीस मागावर असताना दोघे भाऊ लिफ्टमध्ये शिरतात आणि आत हेच मंदपणे वाजत असतं. प्रेक्षक हसले, म्हणजे तोवर लिफ्टछाप पक्की झालेली होती. माझं म्हणणं, ही छाप १९६४ मध्ये कात्रीनं लावली.

आधी इतिहास, म्हणजे भांडायला बरं. इपानेमा म्हणजे ब्राझीलमधल्या रिओ शहराची समुद्रकाठची वस्ती. चाल टॉम जोबिमची, शब्द व्हिनिसियस द मोराइस यांचे. ऑगस्ट १९६२ मध्ये रिओच्या कोपाकबाना भागातल्या ‘ओ बॉन गुर्मे’ क्लबात ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. या दोघांसोबत गायला-वाजवायला जोआओ जिल्बेर्तो होता. १९६३ मध्ये ब्राझीलमध्ये गायक पेरी रिबेरोनं ते रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ, गिटार घेऊन जोआओ आणि पियानोवर खुद्द जोबिम असे जमले. जोआओ पोर्तुगीजमध्ये गायला, आणि नॉर्मन गिंबेलचे इंग्रजी शब्द गायली त्याची बायको आस्त्रुद. निर्माता क्रीड टेलर. त्यानंतर व्हर्व्ह कंपनीनं ते ध्वनिमुद्रण वर्षभर तसंच पडू दिलं.

१९६४ मध्ये एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी आली. त्यावर हे गाणं पाच मिनिटांच्या वर आहे. रेडिओसाठी सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी काढताना ते तीन मिनिटांच्या आत बसवायचं ठरलं, तेव्हा जोआओचं सबंध कडवं उडवलं. सिंगलवर नावं दोनच: गेट्झ आणि आस्त्रुद. जोआओची गिटार मात्र शेवटपर्यंत वाजतेच आहे, बिननावाची.

नंतरची बहुतेक कव्हरं, म्हणजे दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्या, या कापलेल्या गाण्याची आहेत. मूळ गाण्यात एक उदास माणूस होता, तो गेला. उरली समुद्रावर चालणारी मुलगी आणि गुळगुळीत सॅक्सोफोन. असं गाणं लिफ्टमध्ये जाणार नाही तर कुठे जाणार?

तिखटमीठ

वेडेबुवा, कात्रीला एवढ्या शिव्या घालण्याआधी तिनं काय कमावलं तेही लिहा की. सिंगल अमेरिकेच्या हॉट १०० यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. कधी? तर १९६४ च्या उन्हाळ्यात, बीटल्सनी बाकीच्यांना उभं राहायला जागा ठेवली नव्हती तेव्हा. पुढच्या वर्षी रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी. पोर्तुगीज कडवं ठेवून पाच मिनिटांचं सिंगल काढलं असतं तर कोणत्या रेडिओवाल्यानं लावलं असतं? जॅझवाल्या चार टाळक्यांनी कौतुक केलं असतं आणि आज तुम्हाला धागा काढायला विषय मिळाला नसता.

आणि लपवलं कुणी काय? एलपी दुकानात होतीच, जोआओच्या अख्ख्या कडव्यासकट. तीही दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि अल्बम ऑफ द इयर ठरली. सिंगल ऐकून लोक एलपीकडे वळले. जाहिरातीला मूळ मालाइतकी लांबी नसतेच.

रेडिओवेडा

एलपी किती घरांत गेली आणि रेडिओ किती घरांत होता? पुढच्या गायकांनी उचललं ते रेडिओवरचंच. एला फिट्झजेराल्ड आणि सारा व्हॉन यांनी मुलीचा मुलगा केला आणि ‘बॉय फ्रॉम इपानेमा’ गायल्या. गायिका म्हणून दोघींना माझा साष्टांग नमस्कार, पण एकीच्याही गाण्यात तो मूळचा एकटा माणूस सापडत नाही. इंग्रजी शब्दांत तो आहेच किती? ती त्याच्याकडे बघत नाही, संपलं.

मडगावकर

या मुद्द्यावर वेड्यांच्या बाजूनं. आमच्याकडे आजोबांच्या पिढीला पोर्तुगीज येत असे, त्यामुळे जोआओचं कडवं घरात कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यातला माणूस आधी स्वतःलाच विचारतो की मी इतका एकटा का, आणि शेवटी म्हणतो की ती चालत गेली की जग प्रेमामुळे आणखी सुंदर होतं. हा दुसरा अर्धा भाग इंग्रजीत नाहीच. गिंबेलला तर ‘इपानेमा’सुद्धा नको होतं, अमेरिकेत ते कुणाला कळणार म्हणून. जोबिम हट्टाला पेटला म्हणून त्या वस्तीचं नाव तरी राहिलं.

गिटारवाला नाना

तुम्ही सगळे शब्दांत अडकलात. मी लग्नांच्या रिसेप्शनमध्ये आणि हॉटेलांत हे गाणं वाजवून पोट भरलेला माणूस आहे, म्हणून गुन्हेगार मला ठाऊक आहे. कात्री निर्दोष आहे. गुन्हेगार आमच्यासारखे वाजवणारे.

बघा, सुरुवात कशी आहे: रे नी नी ध, रे नी नी ध. गाणं सुरू झालं तरी सूर षड्जावर टेकतच नाही, त्याच्या अवतीभवती तरंगतो. मधल्या भागात जोबिम अख्खी पट्टी अर्ध्या सुरानं वर उचलतो. सा होता तिथून कोमल रे हाच नवा सा. मग तोच तुकडा आणखी वर, आणखी वर, आणि फिरून जागेवर. हा भाग भल्याभल्यांची परीक्षा बघतो. हॉटेलात काय होतं, गिऱ्हाइकांना पहिला भाग ओळखीचा असतो, म्हणून मधला भाग एकदा वाजवायचा आणि पहिलाच घोळवत बसायचं.

आणि ताल! जोआओचा अंगठा खालच्या तारांवर सांब्यातल्या (ब्राझीलचं नाचाचं संगीत) मोठ्या ढोलासारखा सरळ चालतो. बाकीची बोटं वरच्या तारांवर ठोक्याच्या आधी, नंतर, मध्येच पडतात. एकाच हातात दोन माणसं. त्याचं गाणं आणखी तिसरीकडे, तो ओळ मागे ओढतो आणि तरी सम चुकत नाही. हे जमत नाही म्हणून कीबोर्डवर या शैलीच्या, ‘बोसा नोव्हा’च्या नावाचं बटण असतं. ते दाबलं की लिफ्ट तयार. यात कडवं कापण्याचा काय संबंध? सहा कडवी ठेवा, बटणावर वाजवा, तसंच होणार.

रेडिओवेडा

नाना, बटणाचं शंभर टक्के मान्य. पण लोकांना जोआओचा आवाज ऐकूच आला नाही, म्हणून तर या गाण्याला बटण पुरेल असं वाटलं. तो सिंगलवर असता तर नक्कल करणाऱ्यांना निदान लाज वाटली असती.

मंदाकिनी_प

चाललंय काय इथे? जोआओ, जोआओ. त्याचं नाव एलपीच्या नावातच आहे, ‘गेट्झ/जिल्बेर्तो’, आणखी मोठं कुठे लिहायचं होतं? जोबिमचं नाव मुखपृष्ठावर आहे. नाही ते आस्त्रुदचं. जिच्या आवाजानं गाणं विकलं गेलं तिला त्या कामाचे १२० डॉलर मिळाले असं सगळीकडे छापून आलं आहे, आणि विक्रीतला वाटा नाही. वर गेट्झ मुलाखतीत सांगणार की ती तेव्हा नुसती गृहिणी होती, मी तिला रेकॉर्डवर घेतलं. म्हणजे उपकारच.

मला तर उलट वाटतं. सिंगल काढताना पहिल्यांदा कुणीतरी तिला नाव दिलं. वेडेबुवा ज्याला कापाकापी म्हणतात ती तिच्यासाठी ओळख होती. आणि आवाज ऐका तरी तिचा! कंप नाही, मुरकी नाही, सूर कधी कधी किंचित खाली लागतो आणि ती तो सावरायच्या भानगडीतही पडत नाही. तालमीत घोटलेल्या गळ्यांना हे जमलं नाही. कव्हरं फसली ती यामुळे. सगळ्यांनी गाणं छान गायलं, आणि या गाण्याला छान गाऊन चालत नाही.

(गेट्झचा सॅक्सोफोन मला आवडतो हेही लिहून ठेवते, नाहीतर कुणीतरी विचारेलच.)

तिखटमीठ

ताई, शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला अनुमोदन. वेडेबुवा, आता उत्तर द्या: कडवं ठेवलं असतं तर आस्त्रुद ‘जोआओच्या गाण्यातली मधली बाई’ झाली असती. कबूल?

रेडिओवेडा

नाही कबूल. एलपीवर दोघंही आहेत आणि दोघंही नीट ऐकू येतात. आधी तो, मग ती, मग सॅक्स. तो आतल्या आत पुटपुटतो आणि मग ती बाहेरून त्याच मुलीकडे बघितल्यासारखं गाते. तिच्या कोरेपणाला धार येते ती आधी तो गाऊन गेल्यामुळे. सिंगलवर तिचं सुटं कडवं ऐकलं की तोच कोरेपणा नुसता गोड वाटतो. मंदाकिनीताई, तुमची आस्त्रुदसुद्धा एलपीवरच मोठी आहे.

उपद्व्यापी

धाग्याला धक्का म्हणून दोन गोष्टी. एक, जोबिम आणि व्हिनिसियस व्हेलोझो बारच्या टेबलावर बसले, मुलगी जाताना दिसली आणि नॅपकिनवर गाणं लिहिलं ही कथा पर्यटकांसाठी आहे. मुलगी खरी, बार खरा, पण चाल जोबिमनं घरी पियानोवर बांधली आणि शब्द व्हिनिसियसनं रिओजवळच्या पेत्रोपोलिस गावी लिहिले. तरी बारचं नाव आता ‘गारोता द इपानेमा’ आहे, आणि तो ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला व्हिनिसियसचं नाव आहे.

दुसरी, त्या मुलीची. हेलो पिन्हेरो. व्हिनिसियसनं १९६५ मध्ये जाहीर केलं की ती हीच. २००१ मध्ये तिनं कपड्यांच्या दुकानाला ‘गारोता द इपानेमा’ नाव दिलं, तर गाण्याच्या दोन्ही कर्त्यांचे वारस तिच्यावरच कोर्टात गेले! निकाल तिच्या बाजूनं लागला. तुम्ही इथे कडवं कुणाचं म्हणून भांडताय, तिकडे मुलगी कुणाची यावर खटला झाला.

मंदाकिनी_प

हे भारी आहे. चालताना रॉयल्टी भरायची राहिली होती वाटतं तिची.

तिखटमीठ

वेडेबुवा, मूळ मुद्द्यावर शेवटचा हल्ला. तुम्ही म्हणालात की कापलेल्याचीच कव्हरं झाली. मग १९६७ ची सिनात्राची एलपी? क्लॉस ओगरमनचं संयोजन, शेजारी जोबिम गिटार घेऊन बसलेला, आणि या गाण्यात सिनात्रा इंग्रजीत गातो तर जोबिम पोर्तुगीजमध्ये. म्हणजे तुमचं हरवलेलं पोर्तुगीज तीन वर्षांत परत आलं, तेही अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गायकाच्या रेकॉर्डवर. कात्री एवढी घातक होती तर हे कसं झालं?

रेडिओवेडा

म्हणून मी ‘बहुतेक’ लिहिलं होतं. सिनात्राचं गाणं मला आवडतं, एरवीचा दणदणीत माणूस तिथे आवाज खाली आणून गातो. पण तिथे जोबिम स्वतः स्टुडिओत हजर होता. जिथे गाण्याचा बाप हजर तिथे पोर्तुगीज टिकलं. बाकी शेकडो रेकॉर्डिंगांना तो कुठे पुरा पडणार?

गिटारवाला नाना

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनाला जोबिमचा नातू डॅनिएल हेच वाजवत-गात होता आणि मॉडेल जिझेल बुंडशेन माराकाना स्टेडियमभर चालत गेली. पोर्तुगीजमध्ये. सॅक्सोफोन नाही, इंग्रजी नाही. अख्ख्या जगानं बघितलं. त्यानंतरच्या आठवड्यात मला रिसेप्शनला फर्माईश आली, ‘ते ऑलिंपिकवालं वाजवा’. वाजवलं. मधला भाग तीनदा घेतला, कुणी उठून गेलं नाही.

तिखटमीठ

नाना, जेवण सुरू व्हायचं असेल. :)

गिटारवाला नाना

आइस्क्रीम चालू होतं.