प्रतिसाद : बोगनवेलीची जात रंगावरून ओळखता येते का?

वरच्या प्रतिसादात बोगनवेलीच्या दोन जातींबाबत, फिकट जांभळी ती 'ग्लाब्रा' आणि गडद रंगाची ती 'स्पेक्टॅबिलिस' असा ढोबळ नियम दिला आहे. तो मला पटत नाही, कारण आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलाभोवतीची बदललेली पाने आहेत, आणि लागवडीतील वाणांमध्ये त्यांचा रंग ऊन, वय व संकर यांनुसार इतका बदलतो की त्यावरून जात ठरवणे धोक्याचे आहे. खरे फूल म्हणजे सहपत्रांच्या मधोमध असलेली बारीक नळी, आणि भिंग हाताशी असेल तर तीच प्रथम पाहावी. ग्लाब्राच्या नळीला पाच कंगोरे स्पष्ट दिसतात आणि तिच्यावरची लव आखूड असते. स्पेक्टॅबिलिसची नळी दाट, लांब लवेने झाकलेली असल्याने कंगोरे तितकेसे जाणवत नाहीत. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवले तरी बराच उलगडा होतो : ग्लाब्राचे पान जवळजवळ गुळगुळीत, तर स्पेक्टॅबिलिसचे मखमली लागते. काटेही पाहावेत, कारण स्पेक्टॅबिलिसचे काटे मोठे आणि मागे वळलेले असतात. (हातमोजे घालूनच, हे अनुभवाने सांगतो.)

मात्र सहपत्रे जवळपास गोल असतील, तर या दोहोंचा वाद घालण्यात अर्थ नाही. ते झुडूप बहुधा 'बुटियाना' असते, म्हणजे ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना ही तिसरी जात यांचा संकर. त्यातला 'मिसेस बट' हा किरमिजी वाण १९१० च्या सुमारास कोलंबियातील कार्ताहेना येथे मिळाला होता.