अनुभव धागा: दोघांसाठी पिकअपवरचा कॅम्पर घेताना काय काय मोजायचं?

भुईकोट:
सोलापुरातून बाहेर पडून महिनाभर भटकायचं म्हणणाऱ्या जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाडी कोणती घेऊ?" हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी पलंग, मग डबा (पिकअपच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या जागेवर, बसवायची राहायची खोली), मग डब्याचं वजन आणि त्यावरून गाडी. ज्यांनी डबे बांधलेत, दुरुस्त केलेत किंवा रोज वापरतात त्यांनी मापं, वजनं आणि काय बिघडतं ते लिहावं. प्रवासवर्णन नको, त्याला वेगळा धागा आहे.

एक खुलासा आधीच करतो. 'बोलेरो कॅम्पर' ही डबल कॅबिनची मालवाहू पिकअप आहे. नाव वाचून तिच्यात पलंग शोधू नका.

पाटेवाला:
आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मान्य एकूण वजन. वजाबाकी करा, दोन माणसांचे १४० किलो काढा. उरलं ते तुमचं घर.

हौदा ९ फूट बाय साडेपाच फूट आणि डब्याची उंची १.९ मीटर धरली तर भिंती, छप्पर, तळ मिळून २६ चौरस मीटर पत्रा लागतो. ४० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम) चौरस मीटरला साधारण १० किलो भरतं, म्हणजे २६० झाले. खालची चौकट आणि सापळा ९०. फर्निचरला १२ मिमी प्लायच्या पाच शीट, शीटला २३ किलो, म्हणजे ११५. पाणी ८०. बॅटरी-सोलर ५०. फ्रिज, गॅस, भांडी, गादी ६०. कपडे-सामान ८०. सगळं मिळून साडेसातशेच्या घरात. तुमचा हिशेब पाचशेवर आला असेल तर काहीतरी धरायचं राहिलंय.

सुतार सवयीने १८ मिमी प्लाय लावतो. त्याची शीट ३५ किलोची, म्हणजे पाच शीटला साठ किलो फुकट. १२ मिमीला कडेने पट्टी मारली की कपाटांना पुरते.

१.३ टन माल वाहणाऱ्या सिंगल कॅबिन पिकअपवर हे ओझं आरामात बसतं. गाडी उडत नाही, कारण तिचे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मालासाठीच बनवलेले असतात. रिकामी पिकअप जास्त आदळते. "एक पाटा वाढवून घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: पाटा वाढला की गाडीची मागची बाजू उचलते, पण एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. मान्य वजन किलोभरही वाढत नाही.

डबा बसल्यावर पाणी भरून, सामान ठेवून वजनकाट्यावर न्या. मार्केट यार्डाकडे कांद्याच्या गाड्या तोलतात तसला मोठा काटा हवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग अख्खी गाडी. पुढचा भार रिकाम्या गाडीपेक्षा कमी भरला तर स्टिअरिंग हलकं पडणार. पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या पुढे सरकवा, ८० लिटरच्या टाकीत मधोमध आडवा पडदा (आतली भिंत) ठेवा, नाहीतर ब्रेक मारला की पाणी धडका देतं.

हिप्परगा:
पलंगाबद्दल. बाहेरून रुंदी १.७ मीटर, दोन्ही भिंती ४०-४० मिमी, आत उरले १.६२ मीटर म्हणजे ५ फूट ४ इंच. साडेपाच फुटी माणूस आडवा झोपला तर गुडघे दुमडूनच झोपणार. शिवाय आडव्या पलंगात आतल्या बाजूच्याला रात्री उठायचं झालं की दुसऱ्याला ओलांडावं लागतं. म्हणून पलंग लांबीत घ्या: सव्वासहा फूट बाय साडेचार फूट.

उरलेल्या अडीच फुटांत दार आणि ओटा. हे ज्यांना अडचणीचं वाटतं ते पलंग कॅबिनच्या टपावर नेतात. तिथे गादीपासून छतापर्यंत किमान ९० सेंमी ठेवा. त्याहून कमी असेल तर बसता येत नाही, नुसतं सरपटावं लागतं. डबल कॅबिनचा हौदा जेमतेम पाच फुटांचा असल्याने तिथे टपाशिवाय इलाज नाही.

गादीखाली सलग प्लाय नको. पट्ट्या मारा, मध्ये दोन बोटांची फट आणि वर काथ्याची चटई. दोन माणसांच्या श्वासाची वाफ गादीखाली धरते आणि पावसाळी घाटात आठवड्यात बुरशी येते.

चटका:
सोलापूरकरांनी खरा विचार इथे करावा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि पत्र्याचा डबा म्हणजे भट्टी.

पांढरा रंग, दुसरा काही नाही. छपराला ४० मिमी पुरत नाही, ५० घ्या. लोखंडी चौकट आतून-बाहेरून पत्र्याला टेकली तर मध्ये कितीही थर्माकोल भरा, चौकटीच्या रेषेवर आतला पत्रा चटके देतो. त्यामुळे चौकटीच्या वरूनही २० मिमी एक्सपीएसचा (थर्माकोलपेक्षा घट्ट फोमचा) सलग थर न्यायचा. सोलर पॅनेल छपराला चिकटवू नका, ५० मिमी उंच रेलवर बसवा. खालून वारा खेळतो, पॅनेल थंड राहतं आणि छपराला आयती सावली मिळते.

खिडकीला जाड सोलापुरी चादर आतून लावणारे बरेच आहेत. चादर सुंदर दिसते, पण ऊन काचेतून आत आल्यावर मग ती अडवते. सावली काचेच्या बाहेर हवी: ताडपत्रीची झडप, हुकांवर.

एसीऐवजी १२ व्होल्टचा छोटा कूलर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात भारी चालतो. एक लिटर पाणी उडताना साधारण ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातं. तासाला दोन लिटर उडालं तरी थंडावा भरपूर, पंखा-पंप मिळून खर्च ४० वॅट. पण रात्रभरात १६ लिटर पाणी संपतं ते टाकीच्या हिशेबात धरा. समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, नाहीतर डब्यात नुसता दमटपणा. जूननंतर आणि कोकणात कूलर निरुपयोगी.

डीसी_फ्यूज:
चटकारावांशी सहमत, एसीचा नाद सोडा. एक टनाचा एसी पूर्ण जोरात हजार वॅटच्या आसपास घेतो. १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले १००, १२८० वॅट-तास. सव्वा तासात खेळ खलास.

दोघांचा दिवसाचा खर्च, वॅट-तासांत: ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ५०० ते ६००, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास २८०, दिवे-फोन-पंप १५०. हजार धरा. एक ढगाळ दिवस निभवायचा तर २०० एएच. ३३० वॅटचं एक पॅनेल आडवं ठेवून, तापून, स्वच्छ दिवशी सव्वा युनिट, म्हणजे १२५० वॅट-तास देतं.

चुका नेहमीच्या: गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरवरून) थेट वायर ओढून घरची बॅटरी चार्ज करतात. बऱ्याच बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचा अल्टरनेटर मधूनच व्होल्टेज खाली आणतो, बॅटरी अर्धीच भरते. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या कमी-जास्त व्होल्टेजवरूनही बॅटरी नीट भरणारा) हवाच. वायर ६ चौमिमी घातली तर पाच मीटर जाऊन-येऊन ०.९ व्होल्ट गळतो. १६ चौमिमीला ०.३. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. डब्याच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज त्याच्या अलीकडे घासलेली वायर पेटण्यापासून वाचवत नाही.

कडक_भाकरी:
गॅस: ५ किलोची टाकी बंद कपाटात, कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं दोन इंची भोक. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. वरची जाळी त्यासाठी कामाची नाही.

पोर्टेबल टॉयलेटची २० लिटरची खालची टाकी दोघांना जेमतेम तीन दिवस. रिकामी करायची जागा आधी ठरवा.

ओट्याखाली किराण्याचे डबे कमी ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की निम्म्या वेळा चूल पेटवायची गरज नाही, हे वजनाच्या हिशेबातही बसतं.

एमएच_तेरा:
कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी (आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे मानक आहे. बांधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: या डब्याला मंजुरी आहे का, कागद दाखवा. "आरटीओत ओळख आहे" हे उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघा. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा. न कळवलेल्या बदलावर दावा अडतो. गाडी चालू असताना डब्यात कुणी बसायचं नाही, दुपारची झोप असली तरी.

भुईकोट:
धूळ राहिली. विजयपूर रोड सोडून आतल्या कच्च्या रस्त्याला लागलं की मागच्या दारातून पीठ चाळल्यासारखी धूळ आत येते, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. दाराला रबराची दुहेरी पट्टी लावा आणि पुढच्या बाजूची छपराची खिडकी दोन बोटं उघडी ठेवून चालवा. पुढून हवा आत शिरली की मागच्या फटी धूळ ओढत नाहीत.

पाटेवाला:
आणि काढता-घालता येणारा डबा असेल तर तो हौद्याच्या पत्र्याला बांधू नका, चासीला बांधा. खाली ८ मिमी रबराची चटई. छपरावरच्या बोल्टांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, सिलिकॉन नाही. सिलिकॉन एकदा सुटलं की त्यावर नवीन काही धरत नाही. डबा धरणारे यू-क्लॅम्प पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा आवळा, ५०० नंतर परत.

टायरवर चार आकडी कोड बघा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. भार, ऊन आणि जुनं रबर एकत्र आलं की तो हायवेवरच फुटतो.

हिप्परगा:
डबा बसल्यावर जमिनीपासून सोलर पॅनेलच्या टोकापर्यंत उंची मोजा, साधारण पावणेतीन मीटर भरते. ती फुटांत आणि मीटरमध्ये, दोन्ही, स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या बोगद्याआधीच्या लोखंडी कमानीवरचा आकडा कधी एकात असतो, कधी दुसऱ्यात, आणि मागे हॉर्न वाजत असताना गुणाकार जमत नाही.