कृष्णवर्णीय स्त्री मतदारांना डेमोक्रॅटिक पक्ष गृहीत धरतो का?

मैत्रेयी (धागालेखिका):
अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया हा डेमोक्रॅटिक पक्षाचा सर्वांत भरवशाचा मतदार आहे. मतदानोत्तर चाचण्यांनुसार 2016 पासूनच्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत त्यांच्यातील दहापैकी किमान नऊ जणींनी याच पक्षाला मत दिले. डिसेंबर 2017 मध्ये अलाबामातील सिनेटच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार डग जोन्स सुमारे 22 हजार मतांनी जिंकले, तेव्हा बहुसंख्य गोऱ्या स्त्रिया रिपब्लिकन रॉय मूर यांच्या बाजूने होत्या, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 98 टक्के जोन्स यांच्यामागे उभ्या होत्या.

माझा आक्षेप असा, की पक्ष त्यांच्याकडून मते घेतो आणि घरोघर फिरण्याचे कामही करून घेतो, परंतु उमेदवारी आणि निधी यांचे निर्णय होतात तेथे त्यांना स्थान देताना हात आखडता घेतो. ही रीत जुनी आहे. 1964 मध्ये मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर आणि त्यांचे सहकारी अटलांटिक सिटीच्या पक्ष-अधिवेशनात गेले, ते राज्याच्या फक्त गोरे सदस्य असलेल्या अधिकृत शिष्टमंडळाला आव्हान देण्यासाठी. मतदार-नोंदणीच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल आपल्याला तुरुंगात कशी मारहाण झाली, हे हेमर सांगत असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावून दूरचित्रवाणीचे लक्ष दुसरीकडे वळवले. शेवटी देऊ केल्या त्या दोन जागा, आणि त्या कोणी घ्यायच्या हेही पक्षानेच ठरवलेले. त्यांनी त्या नाकारल्या, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

विनायक:
आपण 1964 वर थांबलात, म्हणून चित्र अपुरे राहिले. चारच वर्षांनी शिकागोच्या अधिवेशनात मिसिसिपीचे मिश्रवर्णीय शिष्टमंडळ स्वीकारले गेले आणि हेमर त्यात प्रतिनिधी होत्या. पक्षात राहून रेटा लावल्यामुळे पक्ष बदलला, असाच याचा अर्थ होतो.

2020 चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये सपाटून मार खाल्लेले बायडेन साउथ कॅरोलायनात सावरले, कारण तेथील प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते. त्या मतदानाच्या तोंडावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचे वचन दिले आणि 2022 मध्ये केटांजी ब्राऊन जॅक्सन यांच्या रूपाने ते पाळले. उपाध्यक्षपद कमला हॅरिस यांना मिळाले. ज्यांच्या मतांवर उमेदवार ठरतो, त्यांना गृहीत धरले जाते असे कसे म्हणता येईल?

मैत्रेयी:
नेमणुका महत्त्वाच्या आहेत, हे मला मान्य आहे. पण एका व्यक्तीला पद मिळणे आणि लाखो मतदारांच्या पदरात काही पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मतदान-हक्कांचे संरक्षण ही या स्त्रियांची पहिली मागणी होती, कारण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1965 च्या मतदान-हक्क कायद्यातील, काही राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घ्यायला लावणारी तरतूद निष्प्रभ केली होती. जानेवारी 2022 मध्ये मतदान-हक्कांचे विधेयक सिनेटमध्ये अडले, आणि चर्चा लांबवून विधेयक रोखण्याचा नियम बदलायला नकार देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचेच दोन सदस्य होते.

दक्षिणवासी:
मी जॉर्जियात राहते आणि मला दोन्ही बाजूंचा एक मुद्दा खटकतो. आपण दोघेही पक्ष काय देतो याचाच हिशेब मांडत आहात. येथे 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पक्षाच्या कृष्णवर्णीय उमेदवार स्टेसी अब्राम्स सुमारे 55 हजार मतांनी हरल्या, परंतु त्यांनी आणि इतर अनेक स्त्रियांनी मतदार-नोंदणीसाठी उभारलेल्या संस्था, तसेच चर्चमधील व कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या जुन्या संघटनांमधील स्त्रिया कामाला लागलेल्याच राहिल्या. 2020 मध्ये बायडेन यांनी हे राज्य 11,779 मतांनी जिंकले आणि जानेवारी 2021 मध्ये सिनेटच्या दोन्ही जागा आल्या. त्या दोन जागांवाचून सिनेटमध्ये बहुमतच नव्हते. ही ताकद पक्षाबाहेर उभी राहिली, म्हणूनच पक्षाला तिची दखल घ्यावी लागली. मात्र मुख्य निवडणुकीत घरी बसून पक्षाला धडा शिकवावा, असे कोणी म्हणत असेल तर माझा ठाम विरोध आहे. विरोधी पक्ष आला की पहिला फटका याच स्त्रियांना बसतो. सौदा करायचा तो प्राथमिक निवडणुकीत.

विनायक:
प्राथमिक निवडणुकीचा मुद्दा मला पटतो, आणि मेरीलँड त्याचा पुरावा आहे. 2024 मध्ये तेथे सिनेटच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीय उमेदवार अँजेला ऑल्सब्रुक्स यांच्यासमोर स्वतःचे 6 कोटी डॉलरहून अधिक खर्च करणारा उमेदवार होता. तरीही राज्यातील पक्षनेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या जिंकल्या. त्याच वर्षी डेलावेअरमधून लिसा ब्लंट रॉचेस्टर निवडून आल्या, आणि दोन कृष्णवर्णीय स्त्रिया सिनेटमध्ये एकाच वेळी प्रथमच बसल्या.

मैत्रेयी:
मेरीलँड आणि डेलावेअर ही पक्षाची हक्काची राज्ये आहेत. तेथे पाठीशी उभे राहण्यात जोखीम नव्हती. अटीतटीच्या राज्यात काय होते ते 2022 च्या नॉर्थ कॅरोलायनात पाहावे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीश शेरी बीझली तेथे सिनेटसाठी उभ्या होत्या आणि जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने हरल्या. राष्ट्रीय पक्षाने त्यांच्यामागे पुरेसा पैसा लावला नाही, अशी तक्रार त्यांच्या समर्थकांनी केली. 2024 अखेरपर्यंत एकाही राज्यात कृष्णवर्णीय स्त्री गव्हर्नर म्हणून निवडून आलेली नव्हती, याचे कारण मी या हात राखून खर्च करण्यात शोधते. पक्षाला 98 टक्के मते हवी असतील, तर चुरशीच्या राज्यातील अशा उमेदवाराला पहिल्या महिन्यापासून निधी मिळाला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.