विषय : वादळी पाऊस आणि गणपतीची स्थापना – मूर्ती मंडपात की सभागृहात?

प्रेषक : सचिव

नमस्कार मंडळी,
यंदा स्थापना पार्किंगमधल्या मंडपात करावी, असा बऱ्याच जणांचा आग्रह आहे. टेंट २० बाय ४० फुटी. ऐन वेळी पाऊस आलाच, तर मूर्ती सभागृहात हलवता येईल ना?

प्रेषक : पूजा समिती

दादा, नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवत नाहीत. उत्तरपूजेनंतर ती किंचित सरकवायची, तोच निरोप. म्हणून ‘पाऊस आला तर उचलू’ हा पर्याय धरूच नका. जागा आधी ठरवा, आणि ती सभागृहातलीच ठरवा, ही कळकळीची विनंती.

आपल्या न्यू जर्सीत चतुर्थी दरवर्षी अटलांटिक वादळांच्या मोसमातच येते. १० सप्टेंबरच्या सुमारास तो मोसम ऐन भरात असतो. २०२१ ला चतुर्थी नेमकी १० सप्टेंबरला होती आणि त्याआधी नऊच दिवस ‘आयडा’ वादळ इथे येऊन गेलं. शेजारी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात ८० मिलिमीटर पाऊस पडला होता.

मूर्ती शाडूची आहे, म्हणजे कच्च्या मातीची. गाडीतून सभागृहात नेताना शिंतोडे उडाले तरी रंग ओघळतो, बोटं-कान मऊ पडतात. आधी सुती कापड, त्यावर प्लास्टिक सैलसर. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आतल्या आत घाम धरतं. उचलायची ती पाटासकट, हाताला किंवा सोंडेला धरून कधीच नाही.

मध्यान्हकाळ त्या सुमारास इथल्या घड्याळाने साडेअकरा ते दोन असतो. उन्हाळी गडगडाट बहुधा दुपार कलल्यावर येतो, तेव्हा पूजा वेळेवर सुरू झाली तर तेवढीच सोय.

प्रेषक : मंडप

सहमत. मंडप पंगतीला आणि ढोलाला ठेवू. पण डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत, सगळी भिस्त वजनांवर. ५५ गॅलनचं पिंप पाण्याने काठोकाठ भरलं तर साधारण २०८ किलो. अर्धं भरलं तर अर्धंच, आणि ओल्या डांबरावर ते घसरतं. प्रत्येक खांबाला किती वजन लागेल ते टेंटवाल्याकडून लेखी घ्या. टेंट किती वाऱ्यापर्यंत टिकतो तो आकडाही घ्या, आणि त्याच्या बऱ्याच आधी मंडप रिकामा करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

वारा येतो ती बाजू उघडी आणि बाकी तीन बंद, ही सगळ्यात वाईट रचना. आत हवा कोंडते आणि छत वर उचललं जातं.

पावसाचं पाणी सैल कापडात साचून छताला पोट येतं. चौरस मीटरभर जागेत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि वजनाने कापड आणखी खाली येऊन पाणी आणखी साचतं. पट्टे सकाळीच ताणा. पोट लहान असतानाच झाडूच्या टोकाला टॉवेल गुंडाळून ते कडेकडे ढकला, खाली कोणी उभं नसताना.

वायरींचे जोड जमिनीवर नकोत. जनरेटर मंडपापासून आणि सभागृहाच्या दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब.

प्रेषक : ढोल पथक

एक गोष्ट राहतेय : ढोल-ताशा चालू असताना गडगडाट ऐकूच येत नाही! एकाने वादनात भाग न घेता लांब, सभागृहाच्या दाराशी उभं राहायचं, हातात शिट्टी आणि फोनवर रडार. पहिला गडगडाट झाला की वादन बंद. टेंट विजेपासून वाचवत नाही, लोखंडी खांबांचा तर नाहीच नाही. सगळे सभागृहात, जागा पुरली नाही तर पक्क्या टपाच्या गाड्यांमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं कोणी बाहेर यायचं नाही.

ढोलाची चामड्याची पानं ओल धरली की सैल पडतात, आवाज बसतो. हीटरसमोर वाळवू नका, पान तडकतं. कोरड्या कापडाने पुसून सावलीत ठेवा, मग ताणा.

प्रेषक : सचिव

पटलं. मूर्ती सभागृहात. टेंटवाल्याकडून दोन्ही आकडे आज मागवतो. शिट्टी घेऊन दाराशी उभं राहायला दोघं हवेत, आळीपाळीने. नावं कळवा.