नव्या निकॉन लेन्ससाठी स्वस्तातली जुनी फिल्म बॉडी कोणती घ्यावी?

कर्वेनगरकर

नमस्कार. मी काही वर्षांपासून निकॉन डी७५० हा डिजिटल कॅमेरा वापरतो आहे आणि आता त्याच लेन्स घेऊन ३५ मिमी फिल्मवर काम करण्याचा विचार आहे. माझ्याकडे एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी, एएफ-एस २४-१२० मिमी एफ/४जी व्हीआर आणि एएफ-पी ७०-३०० मिमी अशा तीन लेन्स असून तिन्ही डिजिटलच्या काळातल्या आहेत. एकीलाही अपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक) लहानमोठे करणारी रिंग नाही. फिल्मसाठी वेगळ्या लेन्स घ्यायच्या नाहीत, ही माझी मुख्य अट आहे. बॉडीवर शक्य तितका कमी खर्च करून उरलेले पैसे रोल, धुलाई आणि स्कॅनिंगसाठी ठेवावेत असे वाटते.

आमच्या सोसायटीतील एक काका त्यांचा निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा ओळखीखातर माफक किमतीत द्यायला तयार आहेत. कॅमेरा उत्तम जपलेला आहे आणि सेल संपला तरी शटर चालते, याचे मला मोठे आकर्षण आहे. दुसरीकडे, मुंबईला गेलो असताना बोरा बझारमधील एका दुकानात एफ८०, एफ७५ आणि एफ९०एक्स अशा तीन बॉडी पाहिल्या. दुकानदाराचे म्हणणे असे पडले की निकॉनचा माउंट (बॉडीला लेन्स जोडण्याची जागा) १९५९ पासून तोच आहे, तेव्हा कोणतीही लेन्स कोणत्याही बॉडीवर चालते. तसे असेल तर काकांचा एफएम२ सोडून प्लॅस्टिकची बॉडी घेण्याचे कारण मला दिसत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रीळवाला

दुकानदाराचे अर्धेच खरे आहे. लेन्स बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बॉडीच्या आधी लेन्सवरच्या अक्षरांत आहे, म्हणून प्रथम ती अक्षरे पाहू.

निकॉनच्या एफ माउंटमध्ये अपर्चरची पाती एका लहानशा धातूच्या तरफेने हलतात. लेन्स काढून तिच्या मागच्या बाजूला पाहिलेत तर ती तरफ दिसेल. बोटाने हलकेच सरकवली की पाती उघडतात आणि सोडली की मिटतात. एफएम२ हा १९८२ सालचा कॅमेरा आहे आणि त्याची बॉडी या तरफेबाबत दोनच गोष्टी जाणते: फोटो घेईपर्यंत पाती पूर्ण उघडी धरून ठेवणे आणि शटर दाबताच तरफ सोडून देणे. पाती कुठे थांबावीत हे लेन्सवरची रिंग ठरवत असे. आकड्यापुढे 'जी' अक्षर असलेल्या लेन्सला रिंगच नसल्यामुळे पाती मिटत मिटत थेट शेवटच्या आकड्यापर्यंत जातात (आकडा मोठा तितके भोक लहान), म्हणजे तुमची ५० मिमी प्रत्येक फोटो एफ/१६ वर घेईल आणि २४-१२० प्रत्येक फोटो एफ/२२ वर. त्यातच एफएम२ च्या मीटरला निवडलेले अपर्चर कळते तेही रिंगला असलेल्या कड्यामुळेच; ते कडे नसल्याने मीटरचे दिवेही भरवशाचे राहत नाहीत. भर उन्हात आयएसओ (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) २०० चा रोल घालून एफ/१६ आणि १/२५० सेकंदावर सिंहगडाचे फोटो अवश्य निघतील, पण १.८ ची लेन्स घेऊन आयुष्यभर एफ/१६ वर फोटो काढण्यात काय हशील?

एफ८० (२००० सालचा), एफ१००, एफ७५, एफ६५ या बॉडी तरफ हव्या त्या जागी स्वतः थांबवतात आणि अपर्चर डायलने बदलता येते. एएफ-एस लेन्समधली फोकसची मोटर या बॉडींवर चालते आणि हाताची थरथर सावरणारे व्हीआरसुद्धा चालते. तुमची २४-१२० एफ८० वर लावून शटरचे बटण अर्धे दाबलेत की व्ह्यूफाइंडरमधले चित्र स्थिरावताना दिसेल, अगदी डी७५० वर दिसते तसेच.

एफ९०एक्स मधोमध अडकलेला आहे. त्यावर एएफ-एस फोकस होतो. परंतु जी लेन्स लावल्यास फक्त पी आणि एस मोड चालतात, म्हणजे ज्यांत अपर्चर कॅमेराच ठरवतो ते; ए आणि एम मध्ये अपर्चर तुमच्या हाती राहत नाही, आणि व्हीआर तर चालतच नाही. जुना आणि भारदस्त एफ४ याच पंगतीत बसतो.

एएफ-पी ७०-३०० मात्र फिल्मसाठी विसरा. एएफ-पी लेन्स निकॉनच्या एकाही फिल्म बॉडीवर फोकस होत नाहीत. हाताने फिरवूनही नाही, कारण त्यांची फोकसची रिंग काचेला जोडलेली नसून ती मोटरला केवळ विजेचा इशारा देते. तिच्या एफएक्स (मोठ्या सेन्सरसाठीच्या) आवृत्तीच्या नावात आकड्यांपुढे ई हे अक्षरही आहे; अशा लेन्सची पाती विजेवर चालतात आणि फिल्म बॉडीवर ती सदैव पूर्ण उघडीच राहतात. टेलिफोटो हवीच असेल तर २००६ ची एएफ-एस ७०-३०० जी व्हीआर एफ८० वर व्यवस्थित चालते. पण तुमची अट पाहता ते पुढचे पुढे.

माझे मत स्पष्टपणे एफ८० ला.

वेताळटेकडी

मूळ प्रश्न निकॉनचा असला तरी हा धागा कॅनन वापरणारेही वाचतील, म्हणून थोडे लिहितो. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० बरोबर ईएफ माउंट आणला तेव्हाच अपर्चर आणि फोकस दोन्ही विजेवर नेले आणि तरफ कायमची काढून टाकली. त्या वेळी जुन्या लेन्स बाद झाल्यामुळे पुष्कळ लोक संतापले होते; पण त्याचाच परिणाम म्हणून २०१५ ची ५० मिमी १.८ एसटीएम लेन्स आज त्याहून कितीतरी जुन्या ईओएस बॉडीवर निमूटपणे चालते. लहान सेन्सरच्या डिजिटल बॉडींसाठीच्या ईएफ-एस लेन्स तेवढ्या बसत नाहीत.

कॅननवाल्यांनी स्वस्तात ईओएस ३०० किंवा ३००व्ही पाहावा आणि थोडे जास्त पैसे असतील तर ईओएस ३० किंवा ३३. ६५०, ६२० आणि ६०० या पहिल्या पिढीच्या बॉडी दिसायला दणकट आहेत, तथापि त्यांच्या शटरजवळचा फोम कालांतराने वितळून काळ्या चिकट्यासारखा पात्यांवर उतरतो. मागचे झाकण उघडून पात्यांवर काळे डाग दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी बॉडी परत ठेवावी. ईओएस ५ ला हात लावण्यापूर्वी त्याचा मोड डायल सर्व खाचांत नीट बसतो का ते पाहावे. तो त्याचा प्रसिद्ध दुबळा भाग आहे.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या कॅनन आरएफ किंवा निकॉन झेड लेन्स असलेल्यांनी हा नाद सोडून द्यावा. माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ईएफमध्ये ४४ मिमी आणि निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी असते, तर आरएफमध्ये २० आणि झेडमध्ये १६ मिमी. मधल्या आरशाला तेवढ्यात जागाच उरत नाही.

कर्वेनगरकर

दोघांचेही आभार. तरफेची गोष्ट वाचून लगेच ५० मिमी काढून पाहिली, लिहिल्याप्रमाणेच आहे. एफएम२ चा मोह आता पुष्कळसा ओसरला.

दोन शंका उरतात. एफ७५ हा एफ८० पेक्षा नवा, हलका आणि त्या दुकानात स्वस्तही होता. जी लेन्स आणि व्हीआर दोन्ही चालत असतील तर तोच का घेऊ नये? आणि एफ८० ला लागणारे सेल महाग असतात असे ऐकले, ते कितपत खरे?

रीळवाला

तुम्ही दुकानातले डबीबंद रोलच वापरणार असाल तर एफ७५ अवश्य घ्या. त्याला दोन डायल आहेत, अपर्चरचा परिणाम पाहण्याचे बटण आहे आणि तो खरोखर हलका आहे. अडचण आहे ती आयएसओची.

रोलच्या डबीवर काळ्या-चंदेरी चौकोनांची जी नक्षी असते तिला डीएक्स कोड म्हणतात. कोडॅकने १९८३ मध्ये तो आणला. एफ७५ आणि एफ६५ हा कोड वाचून आयएसओ ठरवतात आणि तुम्हाला तो बदलू देत नाहीत. कोड नसलेली डबी घातली की ते सरळ १०० धरून चालतात. आता आपल्याकडे रोलच्या किमतींमुळे शंभर फुटांचा डबा आणून घरी रोल भरणारे पुष्कळ आहेत. एका डब्यात ३६ फोटोंचे अठराएक रोल होतात. असे रोल ज्या छोट्या रिकाम्या डब्यांत भरले जातात त्यांवर कोड नसतो, किंवा आधीच्या दुसऱ्याच फिल्मचा असतो. ४०० च्या फिल्मला १०० समजून प्रकाश दिला गेला तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) उणे दोनवर ठेवून काम भागते, पण ते प्रत्येक रोलला लक्षात ठेवावे लागते, आणि एचपी५ सारखी ४०० ची कृष्णधवल फिल्म ८०० किंवा १६०० वर वापरायची झाली तर गणित आणखी वाढते. एफ८० मध्ये आयएसओ ६ पासून ६४०० पर्यंत हाताने लावता येतो. दोन्ही बॉडींच्या किमतीतला फरक मला याच एका सोयीपोटी मान्य आहे.

सेलबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. एफ८० ला दोन सीआर१२३ए लागतात आणि एफ७५ ला दोन सीआर२. दोन्ही लिथियमचे आणि पेन्सिल सेलच्या मानाने महाग. व्हीआर लेन्स ते अधिक लवकर संपवते. तपकीर गल्लीत विचारून पाहावे आणि एक जोडी नेहमी बॅगेत ठेवावी. एफ८० साठी एमबी-१६ नावाची ग्रिप येते, तिच्यात चार पेन्सिल सेल बसतात. बॉडीबरोबर ती मिळत असेल तर घासाघीस न करता घ्यावी.

पेठेतला

रीळवाल्यांचे लेन्सविषयीचे विवेचन अचूक आहे, परंतु एफ९०एक्स त्यांनी फारच झटकन निकालात काढला. एस मोडमध्ये तुम्ही शटर स्पीड निवडता आणि कॅमेरा अपर्चर ठरवतो. व्ह्यूफाइंडरमध्ये तो आकडा दिसत असतो. १.८ हवा असेल तर आकडा १.८ दिसेपर्यंत स्पीड वाढवत न्यायचा. ज्याला रस्त्यावरचे फोटो काढायचे आहेत त्याचे यात काहीही अडत नाही, आणि बॉडी चार पेन्सिल सेलवर चालते. एफ८० मिळालाच नाही तर एफ९०एक्स सोडू नये.

आता बॉडी हातात घेतल्यावर काय पाहावे याविषयी, कारण या वयाच्या कॅमेऱ्यात मॉडेलपेक्षा समोरचा नग महत्त्वाचा.

स्वतःचे नवे सेल आणि स्वतःची ५० मिमी लेन्स घेऊन जावे. दुकानदार "सेल नाही, पण चालू आहे, गॅरंटी" असे म्हणत असेल तर चहा पिऊन परत यावे. लेन्स लावून अपर्चर एफ/१६ करावे, कॅमेरा उलटा धरून लेन्समध्ये समोरून पाहावे आणि माउंटजवळचे प्रीव्ह्यूचे बटण दाबावे. पाती झटक्यात मिटून मधोमध वाटाण्याहून लहान भोक राहिले पाहिजे आणि बटण सोडताच ती तितक्याच झटक्यात उघडली पाहिजेत. नंतर मागचे झाकण उघडून, आतील शटरच्या पात्यांना बोट न लावता, कोऱ्या भिंतीकडे रोखून १/३० पासून पुढे एकेक स्पीड तपासावा. झाकणाची कडी प्लॅस्टिकची असते. तिचे दात तुटलेले असतील तर झाकण फोटो काढताना उघडते आणि सगळा रोल जातो. एफ१०० घेणाऱ्यांनीही ही कडी पाहावी, आणि सुरुवातीच्या नगांत रोल गुंडाळणारा काटाही प्लॅस्टिकचा होता हे ध्यानात ठेवावे.

एफ८० आणि एफ१०० च्या पाठीवरचे रबर हाताला चिकटते, त्याला घाबरू नये. तो वरचा मुलायम थर खराब झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा घेऊन बसले की निघून जातो. चिकटपणा दाखवून किंमत मात्र जरूर पाडून घ्यावी.

पुण्यात पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्यांना बुरशी धरते आणि ती लेन्सपुरतीच नसते. व्ह्यूफाइंडर उजेडाकडे धरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का ते पाहावे. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बॉडी मिळाली तर तिथे हे सगळे तपासायला कोणी उभे राहू देत नाही, म्हणून तिथे विजेवर चालणारी बॉडी घेऊ नये असे माझे मत. शेवटी, रोल धुणाऱ्याकडून एखादा वाया गेलेला रोल मागून न्यावा आणि तो घालून पूर्ण छत्तीस फोटो काढून परत गुंडाळून पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

कर्वेनगरकर

एफ८० च घेतो. पेठेतल्यांची यादी छापून खिशात ठेवली आहे. काका मात्र विचारतात की एफएम२ वर तुझी एखादी लेन्स चालेल असे काहीच करता येणार नाही का.

रीळवाला

उलट करता येईल. एएफ ५० मिमी १.८डी ही लेन्स सेकंड-हँड बाजारात सहज दिसते, तिला अपर्चर रिंग आहे आणि ती एफएम२, एफ८० आणि डी७५० या तिन्हींवर चालते. एफएम२ वर फोकस हाताने करावा लागेल. बाकी दोन्ही बॉडींत मोटर असल्याने तिथे तो आपोआप होईल. मात्र या दोन बॉडींवर लावताना रिंग २२ वर फिरवून शेजारची लहान कळ सरकवून बंद करावी, नाहीतर पडद्यावर एफईई अशी अक्षरे लुकलुकतात आणि शटर पडत नाही. काकांना म्हणावे, एफएम२ विकण्याची घाई नको.